टेबलाखालची अर्धी बादली : आरशाच्या एका खेळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जादूच्या प्रयोगांना मी प्रकाश आणि रंगमंचाची मांडणी बघतो. ज्या जादूगारांबरोबर हे काम करतो, त्यांना इथे फक्त 'सर' म्हणतो. सभागृह नेरुळच्या एका सेक्टरमधलं होतं. त्याचं नाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकलेत. बाकी घडलं तसं.

दोन दिवसांची बुकिंग होती, शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवशी दुपारी चारला. आयोजक त्या भागातलं एक मंडळ. प्रेक्षक म्हणजे मुलं, त्यांचे आईवडील आणि भरपूर आज्या. कळव्याच्या गोदामातून टेम्पो भरून आम्ही शनिवारी सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्याने निघालो, अकराला पोचलो.

कार्यक्रमातला शेवटून दुसरा खेळ 'बोलकं मुंडकं'. तीन पायांचं एक नाजूक टेबल, खाली मोकळी जागा, मागे जांभळा पडदा. सर पेटी आणून टेबलावर ठेवतात, पुढची झडप उघडतात. आत मुंडकं. ते डोळे उघडतं आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतं. हा खेळ आमचा नाही. १६ ऑक्टोबर १८६५ रोजी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगाराने तो 'स्फिंक्स' म्हणून पहिल्यांदा केला. आरशांची युक्ती थॉमस टोबिन यांची. तिचं गुपित शंभर वर्षांहून जास्त काळ पुस्तकांत छापलं जातंय, त्यामुळे मी इथे काही फोडतोय असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे जत्रेत नागकन्येचा तंबू असतो, बाईचं डोकं आणि सापाचं अंग, तो याच घराण्यातला. तिथे प्रेक्षकांपुढे बांबूचा कठडा असतो. तो गर्दी आवरायला लावलाय असं लोकांना वाटतं. खरं तर माणसाने कुठून बघायचं, हे तो कठडा ठरवतो.

युक्ती अशी. टेबलाचा एक पाय पुढे, दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांकडे दोन आरसे जातात आणि पुढच्या पायाशी काटकोनात जुळतात. पाचरीचं टोक प्रेक्षकांकडे. प्रत्येक आरसा समोरच्या नजरेला ४५ अंशांत तिरका. त्यामुळे टेबलाखाली जाणारी नजर आरशावर आपटून काटकोनात वळते आणि बाजूच्या पडद्यावर जाते. बाजूचा पडदा मागच्याच कापडाचा असला की बघणाऱ्याला वाटतं, आपण टेबलाखालून आरपार मागचा पडदा बघतोय. आरशांच्या मागे आमचा एक सडपातळ कलाकार अकरा मिनिटं उकिडवा बसलेला असतो. त्याच्यासाठी आत टॉर्चच्या सेलवर चालणारा एक छोटा पंखा आहे. सरांच्या सगळ्या सामानात मला सर्वात आवडणारी वस्तू तीच.

ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे अशा चौकटीच्या रंगमंचावर हा खेळ आम्ही डोळे मिटून करतो. इथलं सभागृह मात्र वेगळं होतं: सपाट जमीन, लोखंडी सुट्या खुर्च्या, तीन फूट उंचीचा मंच, मागच्या बाजूला एक गॅलरी. आणि रुंदीला ऐसपैस, खोलीला बेताचं.

शनिवारी काय झालं

मुंडक्याने डोळे उघडले. नेहमीप्रमाणे दोन सेकंद शांतता. मग पाचव्या रांगेच्या डाव्या टोकाहून एका मुलीचा खणखणीत आवाज आला.

"आजी, टेबलाखाली बादली आहे! अर्धीच! आणि तिच्यावर उलटं 'आग' लिहिलंय!"

मी लाइटच्या टेबलापाशी होतो. तिथून काहीच दिसत नव्हतं. पण मला लगेच कळलं, कारण मंचावर चढायच्या डाव्या पायऱ्यांजवळ, बाजूच्या भिंतीला, वाळूच्या लाल बादल्यांचा स्टँड होता. सकाळपासून मी त्याच्यासमोरून वीसदा गेलो होतो.

सर मुरलेले आहेत. म्हणाले, "अगं, मुंडक्याला तहान लागलीय, त्याच्यासाठी ठेवलीय." हशा झाला. पण डावीकडच्या दहा-बारा मुलांनी माना तिरक्या केल्या होत्या आणि एकदा मान तिरकी झाली की ती सरळ होत नाही. सरांनी दोन प्रश्न गाळले, झडप लावली आणि पुढच्या खेळाकडे वळले. बाकीच्या सभागृहाला काहीच कळलं नाही. म्हणजे फार मोठी नामुष्की नव्हती, पण अजून एक प्रयोग बाकी होता आणि मुलं खेळताना एकमेकांशी बोलतातच.

प्रयोग संपल्यावर ती मुलगी आजीचा हात धरून आत आली. नऊ-दहा वर्षांची असेल.

"काका, आरसा होता ना?"

पहिला निर्णयाचा क्षण हा, आणि तो सरांचा. नाही म्हणावं तर ते खोटं, आणि तिला तर पक्कं माहीत होतं. हो म्हणावं तर उद्याच्या प्रयोगाआधी सेक्टरभर बातमी. सर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "बाळा, उद्या परत ये. पुन्हा शोध. सापडलं तर मला येऊन सांग." तेव्हा मला ही सारवासारव वाटली. आज तसं वाटत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

चहा घेताना सर म्हणाले, "बादली हलवू." सभागृहाच्या व्यवस्थापकांनी स्पष्ट नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. दीड-दोनशे मुलं आत असताना आगीची बादली जादूसाठी उचलायची नसते. शिवाय बादली हा नुसता चुगलखोर होता. ती काढली असती तर त्या जागी भिंत दिसली असती, किंवा दार, किंवा दाराशी पॉपकॉर्न खात उभा असलेला माणूस.

खरी भानगड कोनांची. टेबल मंचाच्या पुढच्या कडेपासून आठ फुटांवर होतं आणि पहिली रांग त्या कडेपासून सहा फुटांवर. म्हणजे टेबलापासून पहिली रांग चौदा फूट. रांगेत तीन फुटांचं अंतर धरलं तर पाचवी रांग सव्वीस फुटांवर. मुलगी मधल्या रेषेपासून अठरा फूट डावीकडे. तिचा कोन निघतो साधारण ३५ अंश. मधोमध बसलेल्याची नजर आरशावरून बरोबर आडवी जाते, पण प्रेक्षक डावीकडे जितके अंश सरकेल तितकेच अंश डाव्या आरशातली नजर पुढे, म्हणजे प्रेक्षकांच्या दिशेने, वळते. आमचा बाजूचा पडदा टेबलापासून सात फुटांवर होता आणि टेबलाच्या टोकाच्या पुढे फक्त तीन फूट येत होता. ३५ अंशांना तो जवळजवळ पाच फूट यायला हवा. मुलीची नजर पडद्याच्या कडेवरून निसटली आणि थेट बाजूच्या भिंतीला भिडली. आरसा जिथे संपतो तिथे बादलीही संपली. म्हणून अर्धी.

याहून वाईट जागा होत्या. बरोबर ४५ अंशांवर बसणाऱ्याला टेबलाखाली स्वतःच दिसतो. दुसऱ्या रांगेच्या टोकाला अशी एक खुर्ची होती. तिच्यावर शनिवारी एक गृहस्थ पूर्ण वेळ मोबाइलमध्ये होते. देव तारी तो असा.

आणि रविवारी आणखी एक संकट येणार होतं. तिकिटं जास्त गेली म्हणून मंडळ गॅलरी उघडणार होतं. सपाट सभागृहातून मंचाची जमीन जेमतेम दिसते. गॅलरीतून ती सगळी दिसते. संध्याकाळी सहाला मी वर जाऊन पाहिलं तर मंचाच्या फळ्या प्रेक्षकांकडून मागे जात होत्या आणि टेबलाखाली अचानक आडव्या झाल्या होत्या. ४५ अंशांचा आरसा उभ्या रेघेला आडवी करतो. ते चित्र एकदा दिसलं की पुन्हा आरसा दिसायचा थांबत नाही.

पर्याय

खेळच गाळावा, हा पहिला विचार. पण मुंडकं पोस्टरवर होतं.

मंडळातल्या एका उत्साही कार्यकर्त्याने सुचवलं, "होलोग्राम लावा ना, आता सगळीकडे तेच असतं." ज्याला लोक मंचावरचा होलोग्राम म्हणतात, तो बहुतेक वेळा जॉन हेन्री पेपर यांनी २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये दाखवलेल्या भुताचाच वंशज असतो. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनीअरची. तिरकी साधी काच, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी प्रखर उजेडात उभा नट. साधी काच ४५ अंशांत जेमतेम दहा टक्के प्रकाश परतवते, त्यामुळे सभागृह गच्च काळोखात हवं. आमच्या सभागृहाला वरून झरोके आणि प्रयोग दुपारी चारला. शिवाय आठ बाय दहा फुटांची ६ मिलिमीटर जाडीची काच भरते एकशेदहा किलोच्या आसपास. ती रातोरात नेरुळला कोण आणणार? 'ब्लॅक आर्ट'चाही विषय निघाला, काळ्या मखमलीपुढे काळे कपडे घातलेला माणूस. १८८५ मध्ये बर्लिनमध्ये मॅक्स ऑझिंगर यांनी तो प्रकार रंगमंचावर आणला. तिथेही काळोखच लागतो. दोन्ही विषय पाच मिनिटांत संपले.

कडेच्या खुर्च्या बंद करायच्या? साधारण चाळीस खुर्च्या होत्या आणि त्यांची तिकिटं विकलेली. मंडळाचे खजिनदार नुसत्या विचारानेच घामाघूम झाले.

बाजूचे पडदे पुढे आणायचे? ४५ अंशांपर्यंतच्या सगळ्यांना झाकायचं तर पडदा सात फूट पुढे आणावा लागला असता. मग कडेच्या लोकांना बाकीचे सगळे खेळ अर्धेच दिसले असते. एका खेळासाठी नऊ खेळांचा बळी.

टेबल मागे न्यायचं? इथे सर अडले. टेबल पुढे ठेवायचा निर्णय त्यांचाच होता, मुलांना मुंडकं जवळून दिसावं म्हणून. तो हट्ट वाईट नव्हता. मुंडक्याचे डोळे उघडतात ते पहिल्या रांगेतल्या पोराला जवळून दिसण्यातच खेळाची अर्धी मजा. पाऊण तास आमची घासाघीस झाली. शेवटी मी सरांना डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसवलं आणि काहीच बोललो नाही. ते दोन मिनिटं बसले, उठले आणि म्हणाले, "किती फूट?"

त्यांनी हा खेळ दोनशेच्या वर वेळा केलाय, पण त्या टोकाच्या खुर्चीवरून तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

रात्रीचं काम

ठरलं ते असं. टेबल सहा फूट मागे, बाजूचे पडदेही त्याच्याबरोबर. बाजूच्या पडद्याला अर्ध्या फ्रेमची जोड, म्हणजे तो टेबलाच्या पुढे साडेचार फूट येईल. आणि खुर्च्या पंख्यासारख्या, पुढे अरुंद, मागे रुंद. खुर्च्या सुट्या होत्या, ही एवढी एक गोष्ट आमच्या बाजूने होती. पहिल्या रांगेला मधल्या रेषेपासून अकरा फूट, तिसरीला साडेचौदा, पाचवीला अठरा. कुणाचाच कोन तीस अंशांच्या वर जात नाही आणि तीस अंशांना सात फुटांवरचा पडदा चार फूट आला तरी पुरतो. पुढून काढलेल्या खुर्च्या मागे गेल्या, एकही कमी झाली नाही. फक्त पुढच्या तिकिटवाल्या काही कुटुंबांना मागे बसवावं लागलं. त्यांना मंडळाने वडापाव दिला आणि प्रकरण मिटलं.

वाईट खुर्च्या कशा शोधायच्या, हा या रात्रीतला माझा सर्वात आवडता भाग. दोनशे खुर्च्यांवर एकेक करून बसून बघणं अशक्य. सुतळी ताणून मी दहा-बारा खुर्च्या तपासल्या आणि कंटाळलो. तेवढ्यात आमचा मदतनीस पोरगा, तो अकरावीला आहे, बाजूच्या पडद्याच्या पुढच्या कडेला उभा राहिला आणि आरशात बघून म्हणाला, "दादा, मला इथून आरशात खुर्च्या दिसतात. म्हणजे त्यांनापण मी दिसणार ना?" प्रकाश गेल्या वाटेने परत येतो, हे त्याने नुकतंच पाठ केलं असावं. मी तर तीस वर्षांपूर्वी पाठ करून विसरलो होतो. मग तो पडद्याच्या कडेला डोळा लावून उभा राहिला आणि आरशात दिसणाऱ्या खुर्च्या ओरडून सांगू लागला. मी त्यांच्या पाठीवर खडूने फुल्या मारत गेलो. पडद्याची कडा ज्या खुर्चीला दिसते, तिला कडेच्या पलीकडचंही दिसू शकतं. पंधरा मिनिटांत डावी बाजू संपली, मग उजवी. फुल्या पडलेल्या खुर्च्या उचलून मागे. हिशेबाने काढलेला पंखा आणि फुल्यांनी काढलेला पंखा यांत दोनच खुर्च्यांचा फरक निघाला. आम्ही फुल्यांवर विश्वास ठेवला.

टेबल मागे गेल्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. आधी मागचा पडदा टेबलापासून तेरा फुटांवर आणि बाजूचे सात फुटांवर होते. गॅलरीतून बघताना पडदा जमिनीला टेकतो ती रेघ टेबलाखाली तुटलेली दिसत होती. आता सगळीकडे सात-सात. रेघ सलग झाली.

राहिल्या फळ्या. मंडपवाल्याकडून लाल कार्पेट आणलं. लग्नात घालतात ते, बारीक उभ्या रेघांचं. रात्री साडेअकराला ते अंथरलं, मी गॅलरीत गेलो आणि कपाळाला हात लावला. फळ्यांच्या रेघा गेल्या, कार्पेटच्या आल्या. टेबलाबाहेर उभ्या, टेबलाखाली आडव्या, आणि लालाची छटाही वेगळी. दुसरं साधं कार्पेट त्या वेळी मिळणं शक्य नव्हतं. उलटं करून पाहिलं तर मागे रबराचे ठिपके.

इथे अर्धा तास गेला. पुन्हा त्या पोरानेच कार्पेटचं एक टोक पायाने ढकलत ढकलत तिरकं केलं, बहुधा कंटाळून. मी वरून ओरडलो, "तसंच ठेव!" नंतर कागदावर मांडून पाहिलं तर कारण सोपं होतं. रेघ आरशाला समांतर असेल तर प्रतिबिंबातही समांतरच राहते. काटकोनात असेल तर सरळ पुढे चालू राहते. आमचे दोन आरसे एकमेकांना काटकोनात. म्हणजे कार्पेट ४५ अंशांत तिरकं घातलं की त्याच्या रेघा एका आरशाला समांतर आणि दुसऱ्याला काटकोनात, आणि दोन्हीकडे दिशा बिघडत नाही. शंकरपाळीसारखं तिरकं कार्पेट, कोपरे आत दुमडून टेपने चिकटवलेले. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी 'सजावट छान' असं सांगितलं.

सकाळी आरसे पुसले, जुन्या धोतराच्या कापडाने. नवी मुंबईच्या दमट हवेत बोटांचे ठसे आरशावर हट्टाने राहतात आणि बाजूचा लाइट लागला की चमकतात. शिवाय आरसा थोडा प्रकाश खातो, त्यामुळे टेबलाखालचा पडदा किंचित मळकट दिसतो. बाजूच्या पडद्यांचा डिमर मी थोडा वर घेतला. किती, ते आकड्यात सांगता येणार नाही. गॅलरीत, खाली मधे आणि टोकाला असे तीन जण उभे करून तिघांनीही 'सारखं दिसतंय' म्हणेपर्यंत.

रविवारचा प्रयोग

खेळ झाला. कुणी ओरडलं नाही, माना तिरक्या झाल्या नाहीत. गॅलरीतून मुंडक्याला सर्वाधिक प्रश्न आले आणि त्यातल्या एकाने मुंडक्याला बाराचा पाढा म्हणायला लावला.

एक गडबड झाली, ती आमच्यामुळेच. टेबल सहा फूट मागे गेल्याने ते पुढच्या स्पीकरपासून लांब पडलं आणि आत बसलेल्याला संगीताचा इशारा नीट ऐकू आला नाही. डोळे चार सेकंद उशिरा उघडले. सर झडप धरून उभे. लोकांना वाटलं मुद्दामच, आणि खरं सांगायचं तर ती शांतता नेहमीपेक्षा चांगली होती. सर आता तो उशीर कायम ठेवायचा म्हणतात. माझं मत वेगळं आहे. चुकून जमलेली गोष्ट दहावेळा मुद्दाम केली की त्यातला जीव जातो.

पुन्हा करायचं झालं तर

मंडळाने महिनाभर आधी सभागृहाचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवले होते. सगळे मंचाचे, मधून काढलेले. मी तेवढ्यावर समाधान मानलं. आता मी चार फोटो मागतो: पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांवरून, गॅलरीतून, आणि मंचावरून प्रेक्षागृहाकडे बघणारा. चौथ्यात बादल्या दिसल्या असत्या.

गॅलरी उघडणार हे शनिवारी संध्याकाळी कळलं, हा दोष मंडळाचा धरता येईल, पण आम्ही विचारलंही नव्हतं.

शनिवारी सकाळी टेबल लावल्यावर त्या पोराला पाच मिनिटं पडद्याच्या कडेला उभं केलं असतं तरी पुरलं असतं. त्याऐवजी मी ती पाच मिनिटं धुराच्या यंत्राशी झटापट करण्यात घालवली. ते यंत्र शेवटी चाललंच नाही.

सरांनी मुलीला दिलेलं उत्तर मात्र मी बदलणार नाही. रविवारी ती आली. खाली खुर्च्यांची मांडणी बदलली होती, म्हणून ती आजीला घेऊन गॅलरीत गेली. प्रयोगानंतर पुन्हा आत आली.

"काका, आज बादली दिसली नाही. काहीच दिसलं नाही."

सर खूश झाले.

"पण तुम्ही बाकी सगळीकडे फिरता. त्या टेबलाच्या मागून एकदाही गेला नाहीत."

कुणी काही बोललं नाही. टेबलाच्या मागून गेले असते तर सरांचे पाय टेबलाखाली दिसायला हवे होते, आणि दिसले नसते. सर हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला खिशातला पत्त्यांचा जोड देऊन टाकला.

टेम्पोत सामान भरताना ते म्हणाले, "टेबलाच्या मागे एक उंच समई ठेवू. मग मी मागून का जात नाही, त्याला कारण मिळेल."

आमचा पोरगा कार्पेट गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "सर, मग समईचा खालचा दांडा टेबलाखाली दिसायला नको का?"